मिठाला जमले ते तांदळाला का जमणार नाही

रेशनच्या तांदळात हल्ली थोडे वेगळे दिसणारे दाणे सापडतात. रंगाला पिवळसर, आकाराला जरा एकसारखे. तांदूळ धुवायला घेतला की त्यांतले काही पाण्यावर तरंगतात. मग ‘प्लॅस्टिकचा तांदूळ आला’ अशी आवई उठते आणि ते दाणे वेचून केरात जातात. ते प्लॅस्टिकचे नसतात. तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ कालवून ते यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळतात. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून या योजनेची घोषणा केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला डिसेंबर २०२८ पर्यंत मुदतवाढ मिळाली. रेशन, अंगणवाडी, शाळेतला माध्यान्ह आहार, सगळीकडे हाच तांदूळ द्यायचे ठरले.

दाणे वेचून फेकणाऱ्यांचे चुकते, हे खरे. पण तेवढे सांगून गप्प बसणाऱ्यांचेही चुकते. सर्वांच्या ताटात सारखाच डोस मिसळायचा आणि रक्तक्षयाचा प्रश्न मार्गी लागला असे समजायचे, हा हिशेब गोव्यात जमणार नाही. इथल्या उणिवा वेगवेगळ्या आहेत, त्यांची कारणे वेगवेगळी आहेत, आणि त्यांवरचा उपाय बराचसा शाळेच्या स्वयंपाकघरात आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर आहे. तांदळाच्या पोत्यात तो नाही.

धान्यात मिसळण्याची कल्पना आली मिठाच्या यशातून. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५० च्या दशकात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड किती कमी होतो हे मोजून दाखवले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ मध्ये खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर देशभर बंदी आली. कारखान्यातून निघताना मिठात दशलक्ष भागांत ३० भाग आणि घरात पोचताना किमान १५ भाग आयोडीन असावे, असे ठरले. हे जमले त्याला कारणे होती. आयोडीनची उणीव मातीतूनच येत असल्याने त्या भागातल्या जवळजवळ सगळ्यांना सारखीच भोवते. मीठ श्रीमंत-गरीब दोघेही रोज खातात आणि साधारण तेवढेच खातात. कुणी दहापट खात नाही. आणि आयोडीन पोटात गेले की जवळजवळ सगळे रक्तात जाते. त्याबरोबर चहा प्यायलात काय नि भाकरी खाल्लीत काय, फरक पडत नाही.

इथे एक गोष्ट गोवेकरांच्या कानावर घालायला हवी. आगरवाडा, हडफडे, नेरूल, रायबंदर या भागांतल्या मिठागरांचे गावठी मीठ समुद्राचे, म्हणून त्यात आयोडीन असणारच, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. खारे पाणी उन्हात आटवताना आयोडीन मिठात जवळजवळ उरतच नाही. मासळी खाणाऱ्या घराला ती कमतरता सहसा जाणवत नाही, कारण त्याला मासळीतून आयोडीन मिळते. कायम शिवराक (शाकाहारी) खाणाऱ्या घरात मात्र, विशेषतः गर्भारपणात, निव्वळ गावठी मिठावर राहणे बरे नाही. मिठागरे जगलीच पाहिजेत. लोणच्याला, खाऱ्या मासळीला, कैऱ्या मिठात घालायला गावठी मीठ खुशाल वापरावे. रोजच्या आमटी-भाजीसाठी मात्र पाकिटातले. तेही उघड्या डब्यात चुलीजवळ ठेवू नये. दमटपणाने आणि उष्णतेने आयोडीन उडते. झाकणाचा डबा आणि पदार्थ शिजत आल्यावर मीठ, एवढे केले तरी पुरते.

आता हेच निकष तांदळाला लावून पाहा. अन्नसुरक्षा मानकांनुसार किलोभर तांदळात लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम असते. रेशनच्या ‘प्राधान्य’ गटातल्या कुटुंबात माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. ते सगळे त्याने खाल्ले असे धरले तरी लोह येते पावणेपाच ते सात मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीची रोजची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये २९ मिलिग्रॅम धरली आहे. बरे, तांदळात घातलेले लोह फेरिक पायरोफॉस्फेट या रूपात असते. भाताचा रंग आणि चव बिघडू नये म्हणून ते निवडले, पण ते आतड्यात फारसे विरघळत नाही. पाच टक्के शोषले गेले असे उदारपणे धरले, तर रक्तात जातात सुमारे ०.३ मिलिग्रॅम. मासिक पाळी असलेल्या स्त्रीच्या शरीरातून रोज सरासरी दीड ते दोन मिलिग्रॅम लोह जाते. शिवाय इथे उकडा भात पुष्कळ पाण्यात शिजवून वरचे पाणी काढून टाकायची पद्धत आहे, आणि त्या पाण्याबरोबर ब गटातली जीवनसत्त्वे थोडीफार जातात.

जगभरच्या चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने २०१९ मध्ये घेतलेला आढावाही याच बाजूचा आहे: लोह घातलेल्या तांदळाने रक्तक्षयाच्या प्रमाणात फारसा फरक पडत नसावा. ‘पण नुकसान तर नाही ना?’ असे विचारले जाते. बहुतेकांना नाही. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या, वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो खाऊ नये. खरे नुकसान वेगळे आहे. ‘तांदूळ दिला आहे’ हे कागदावर लिहिता आले की बाकीची कामे मागे पडतात.

आणि ती कामे गोव्यात थोडीथोडकी नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या दरम्यान गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय सुमारे ३१ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेला, पाच वर्षांखालच्या मुलांमधला ४८ वरून ५३ वर. दरडोई उत्पन्नात देशात पुढे असलेल्या, घरोघर मासळी शिजणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत. ते शब्दशः घेऊ नयेत, हेही खरे. या पाहणीत बोटाच्या टोकाचे रक्त घेतात. थेंब लवकर यावा म्हणून बोट पिळले की रक्तात पेशींबाहेरचा द्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा कमी दिसते. पण दोन्ही फेऱ्यांत पद्धत सारखीच असताना आकडा वाढला, तेव्हा केवळ मोजणीला दोष देऊन सुटका नाही. शिवाय कमी हिमोग्लोबिन म्हणजे लोहच कमी, असेही नाही. बी-१२, फोलेट, जंत, रेंगाळलेला संसर्ग, थॅलेसेमियाचे वाहक असणे, यांतले काहीही कारण असू शकते. लोहाचा साठा दाखवते ती फेरिटिनची रक्तचाचणी. तेव्हा हिमोग्लोबिन १२ च्या खाली दिसले की प्रत्येकीला लोहाचीच बाटली लिहून देणे म्हणजे अंधारात बाण मारणे.

लोह पोटात जाणे आणि लोह रक्तात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या खाण्याच्या सवयी दुसरीच्या आड येतात. सकाळचा भाजी-पाव घ्या. आळसांद्यांची (चवळीच्या जातीच्या कडधान्याची) पातळ भाजी म्हणजे लोह, फोलेट आणि प्रथिने तिन्ही असलेला नाश्ता. त्यात खोबरे, वर कांदा. काही वाईट नाही. पण त्याबरोबर चहा हवाच. चहातली टॅनिन द्रव्ये वनस्पतीतल्या लोहाला आतड्यातच बांधून ठेवतात. जेवणाबरोबर कपभर चहा घेतला तर शोषण निम्म्याहून खाली येते. तोच चहा तासभराने घेतला तर काही बिघडत नाही. याउलट ‘क’ जीवनसत्त्व शोषण दुपटी-तिपटीने वाढवते, पण त्यालाही मात्रा लागते. पन्नास मिलिग्रॅम हवे. लिंबाच्या फोडीतून पाच-दहा मिलिग्रॅम येते, अर्ध्या पेरूतून सहज पन्नासच्या वर. लिंबू पिळायचे तर ताटात, उकळत्या भाजीत नव्हे. उष्णतेने ‘क’ नासते. कडधान्य आठ तास भिजवून, पाणी टाकून, एक दिवस मोड आणले की लोहाला अडवणारे फायटेटही उतरते.

मासळीचे बळ तर दुहेरी. तारले, बांगडे, तिसऱ्या यांतले लोह स्वतः चांगले शोषले जातेच, पण पानात मासळीचा तुकडा असला तर शेजारच्या डाळीतले आणि तांबड्या भाजीतलेही लोह अधिक उचलले जाते. यासाठी विसवण किंवा पापलेट लागत नाही. दरवाढीमुळे मासळी परवडत नाही म्हणताना मध्यमवर्गाच्या डोळ्यांपुढे हीच दोन नावे असतात. खरा प्रश्न तुकडा कुणाच्या पानात पडतो हा आहे. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला कढीच उरत असेल, तर त्या घरात मासळी असून नसल्यासारखीच.

उकड्याच्या भक्तांनाही एक सांगायला हवे. भात भिजवून टरफलासकट उकडला की कोंड्यातले थायमिन दाण्याच्या आत शिरते आणि नंतर कांडले तरी टिकते. १९०५ मध्ये क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात विल्यम फ्लेचर यांनी रुग्णांच्या एका गटाला उकडा आणि दुसऱ्याला सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ दिला. सुरय खाणाऱ्यांत बेरीबेरीची साथ आली, उकडा खाणारे जवळपास सगळे वाचले. जीवनसत्त्व हा शब्द निघण्याआधीची गोष्ट. खाजनातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेतातल्या, कोरगुट तांदळाची पेज पिणाऱ्या पिढ्यांना ही संपत्ती आपसूक मिळाली. म्हणून उकडा जरूर खावा. पण लोहाच्या बाबतीत उकडाही तांदूळच आहे, त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

सरकारला खरोखर काही करायचे असेल तर सुरुवात शाळेतून करावी. गोव्यात माध्यान्ह आहार स्वयंसाहाय्य गट पुरवतात, आणि त्यात पाव-भाजीचा भरणा असतो. केंद्राचे निकष प्राथमिक शाळेच्या मुलासाठी स्पष्ट आहेत: ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिने, १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. बटाट्याच्या रश्श्यात वाटाणे तरंगत असले की कागदावरचा निकष भागतो, मुलाचे भागत नाही. शंभर मुलांना २० ग्रॅमप्रमाणे दोन किलो सुके आळसांदे, मूग किंवा कुळीथ लागतात. आदल्या दिवशी सकाळी भिजत घातले, संध्याकाळी फडक्यात बांधले, की दुसऱ्या दिवशी सकाळी मोड आलेले असतात. मैद्याच्या पावाऐवजी कोंडा असलेली पोई घ्यावी. कणीक जितका वेळ आंबते तितके तिच्यातले फायटेट कमी होते, म्हणून रात्रभर आंबवलेली पोई झटपट भाजलेल्या पावापेक्षा उजवी. पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेताना कोंडा पिठात मळलेला आहे की नुसता वरून भुरभुरलेला, हे एक पोई मोडून पाहिले की कळते.

शिवाय आठवड्यातून दोनदा अंडे. अंड्यातले लोह फारसे शोषले जात नाही, तेव्हा ते रक्तक्षयावरचा उपाय म्हणून खपवू नये. अंडे द्यायचे ते बी-१२, ‘अ’ जीवनसत्त्व आणि उत्तम प्रथिनांसाठी. काही राज्यांत अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे देतात. मुलाच्या हातात काहीतरी पडते, पण केळ्यात बी-१२ शून्य. त्या मुलाला पेलाभर दूध किंवा वाटीभर दही मिळाले तर बरोबरी होते. मासळीच का नाही, असे कुणी विचारेल. काटे हे एक कारण, पण मोठे कारण हिस्टामिन. बांगडे-तारले बर्फाबाहेर काही तास राहिले की त्यांत ते तयार होते, आणि एकदा तयार झाले की शिजवून जात नाही. अंगावर गांधी, डोके ठणकणे, उलट्या. गटाच्या स्वयंपाकघरातून टेम्पोने चार शाळांत डबे जाणार असतील, तर मासळी घरीच खाल्लेली बरी.

दुसरे काम निळ्या गोळीचे. २०१८ च्या रक्तक्षयमुक्त भारत कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी द्यायची आहे: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. पाच ते नऊ वयाला गुलाबी, ४५ मिलिग्रॅमची. वर्षातून दोनदा जंताची ४०० मिलिग्रॅमची गोळी. दहा टक्के शोषण धरले तरी एका निळ्या गोळीतून आठवड्याला सहा मिलिग्रॅम लोह रक्तात जाते, रेशनच्या तांदळातून जेमतेम दोन. गोळी नाममात्र किमतीची. ती फसते ती देण्याच्या तऱ्हेमुळे. सकाळच्या प्रार्थनेनंतर उपाशीपोटी दिली की दोन मुलांना मळमळते, त्यांच्याकडे पाहून वीस जणांना, आणि संध्याकाळी पालक मुख्याध्यापकांच्या दारात. दुसऱ्या दिवशी शौच काळे झाले की उरलेसुरलेही घाबरतात. म्हणून गोळी द्यावी दुपारच्या जेवणानंतर, पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही, चहाबरोबर नाही. शिक्षकांसमोर गिळायची, ‘घरी जाऊन घे’ हा प्रकार बंद. काळे शौच निरुपद्रवी आहे, हे पालकसभेत आधीच सांगायचे, घटना घडल्यावर नव्हे. तापात गोळी चुकवायची. थॅलेसेमिया असलेल्या मुलांची नावे शाळेकडे आधीच हवीत. आणि घरी उरलेल्या गोळ्या लहान भावंडाच्या हाती लागता कामा नयेत. मूठभर लोहाच्या गोळ्या दोन वर्षांच्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

गर्भवतींना लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळते: लाल गोळी रोज, किमान १८० दिवस, कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दोन्ही एकदम घेतल्या तर कॅल्शियम लोहाला अडवते, आणि नेमक्या त्या एकदमच घेतल्या जातात, कारण त्या एकाच पिशवीत मिळतात. कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर आणि लोह झोपताना, एवढे आशाताईंनी पिशवीवर मार्करने लिहिले तर पुस्तिका छापण्याचा खर्च वाचेल.

बाजारातल्या मल्टिव्हिटॅमिनबद्दल फार लिहायला नको. गर्भवती, म्हातारे, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले, दारूच्या आहारी गेलेले, अशांना पूरक गोळ्या लागतात. धडधाकट माणूस महिन्याला त्यावर जे पैसे घालवतो, त्याची कडधान्ये आणि पेरू आणावेत. ‘ड’ जीवनसत्त्वाची मात्र भीती घालायला हवी. साठ हजार युनिटचे पाकीट आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, असे लिहून दिलेले असते. ते रोज घेतले किंवा बरे वाटते म्हणून महिनोन्‌महिने सुरू ठेवले, तर रक्तातले कॅल्शियम चढते: तहान, बद्धकोष्ठ, भ्रम, मूत्रपिंड निकामी. औषधविक्रेत्याने पाकिटावर वार लिहून द्यावा, हा नियमच व्हायला हवा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष झाले आहे ते मधुमेहींच्या बी-१२ कडे. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघाले, २६.४ टक्के. त्यांतले पुष्कळ जण मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू राहिले की बी-१२ चे शोषण घटते. जोडीला पित्ताची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी असली तर आणखी. यकृतात साठा असल्याने उणीव उघडी पडायला काही वर्षे लागतात. श्रावण पाळून काही होत नाही, दहा वर्षांच्या मेटफॉर्मिनने होते. मग तळपायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, आणि ‘साखरेने नसा गेल्या’ असे म्हणून साखरेची गोळी वाढवली जाते, म्हणजे पुष्कळदा मेटफॉर्मिनच. नुसते फोलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारते, नसा बिघडतच राहतात. उशीर झाला तर त्या पूर्ववत होतीलच असे नाही. तांदळातले बी-१२ इथे अपुरे पडते. त्याचे प्रमाण किलोला जेमतेम एक मायक्रोग्रॅम, आणि डॉक्टर मधुमेह्याला सांगतात, भात कमी करा.

आणखी एक गुंता. शरीरात लोह कमी असेल तर लाल पेशी जास्त काळ फिरत राहतात आणि तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ६.६ आला म्हणून एखाद्या रक्तक्षयी बाईला मधुमेहाचा शिक्का मारण्याआधी तिचे हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखर पाहिलीच पाहिजे.

म्हणून मागणी नेमकी ठेवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या मधुमेहाच्या कार्डावर दोन रकाने वाढवा: वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, आणि मेटफॉर्मिनला चार-पाच वर्षे झाली असतील किंवा पायांना मुंग्या असतील तर बी-१२. बी-१२ च्या चाचणीचा खर्च सरकारने उचलावा आणि ते कमी निघाले तर इंजेक्शन किंवा गोळी केंद्रातच मिळावी. तांदळाची योजना चालायची तर चालू दे; तिचे दाणे कुणी वेचून फेकू नयेत. पण विधानसभेत रक्तक्षयावर प्रश्न आला की उत्तरात किती टन तांदूळ वाटला हे सांगू नये. किती मुलांनी गोळी शिक्षकांसमोर गिळली, किती जणांचे फेरिटिन तपासले आणि वर्षभराने किती जणांचे हिमोग्लोबिन वर आले, ते तालुकावार सांगावे.